लेसरने केस वाढले, हे आधी सांगायला नको?

रानजाई: हनुवटीवरच्या पाच-सहा राठ केसांसाठी लेसर सुरू केलं. चौथ्या सिटिंगपर्यंत ते गेले, पण कानापासून जबड्यापर्यंत जिथे नुसती लव होती तिथे काळे केस आले. विचारलं तर म्हणे, "होतं कधीकधी." मग सही घेतलेल्या कागदावर लाली, सूज, भाजणं एवढंच कसं? दुर्मिळ असलं तरी चेहऱ्यासाठी येणाऱ्याला हे तोंडी सांगायलाच हवं.

उंटावरचा शहाणा: सगळंच सांगत बसलं तर खुर्चीत बसेल कोण? लेसरनंतर काखेत घाम वाढल्याच्या, जाळीसारखी लाली उठल्याच्याही नोंदी आहेत. तेही सांगायचं? इथे लोक केसांच्या मुळाशी येणारी साधी सूज बघूनच घाबरतात. ती एक-दोन दिवसांत बसते.

मधमाशी: माझी गत उलटी. पहिल्या दिवशी काही नाही, दुसऱ्या रात्री पोटऱ्यांवर गांधी, प्रत्येकीच्या मधोमध एक केसाचं छिद्र. खाजवून चादरीला रक्त. सेंटरवाली म्हणाली कोरफड लावा. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी पोटातून स्टेरॉइड दिलं तेव्हा उतरलं. ही रिअ‍ॅक्शन उशिरा उठते, एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.

उंटावरचा शहाणा: रानजाई, हार्मोन्स तपासले होते का? पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा विकार, असेल तर केस तसेही येतात. लेसरच्या माथी कशाला?

रानजाई: आहे पीसीओएस. फॉर्मवर लिहिलंही होतं! सावळा रंग, चेहरा-मान, हार्मोन्सची गडबड, असे केस उलट वाढतात ते बहुतेक अशांचेच. म्हणजे मला तर पहिल्यांदा सांगायला हवं होतं.

कातरवेळ: मी हे यंत्र चालवते, म्हणून बोलते. सावळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे लेसर शोषून तापणारं रंगद्रव्य, जास्त; ती भाजू नये म्हणून ऊर्जा सोडताना हात आखडता घेतो. पण ऊर्जा मूळ जाळायला पुरली नाही की आजूबाजूची झोपलेली मुळं जागी होतात, असं मानलं जातं. इकडे आड तिकडे विहीर. लेसरचे प्रकार असतात: १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग अशा त्वचेला ७५५च्या अलेक्झांड्राइटपेक्षा सुरक्षित, पण प्रत्येक ठिकाणी तो नसतो. कुठलं यंत्र आहे हे गिऱ्हाईक विचारतच नाही.

रानजाई: गिऱ्हाईकाला नॅनोमीटर कुठून माहीत असणार?

उंटावरचा शहाणा: बरं, चेहऱ्यापुरतं मान्य. हातापायांना ही पानभर यादी नको.

मधमाशी: माझ्या पोटऱ्याच होत्या हो.