कासचे पठार आणि अमूर्त चित्र: जागेवर बसून नेमके काय टिपावे?

रानवाट (सातारा)
नमस्कार. मी जलरंगात निसर्गचित्रे करतो आणि आता अमूर्ताकडे वळण्याची इच्छा आहे. सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, सीतेची आसवे आणि मध्येच जांभ्याचे उघडे कातळ असे इतके काही समोर येते, की चित्राचे पाहता पाहता कॅलेंडर होते. आकार पुसट केले, तर ते अमूर्त न होता धुक्यातले निसर्गचित्रच वाटते. जागेवर बसून काय घ्यावे आणि काय सोडावे? शिवाय तिथल्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही, त्यावरही जाणकारांनी उपाय सुचवावा.

कृष्णाकाठ (सांगली)
पुसट करणे आणि अमूर्त करणे यांत आपली गल्लत होत असावी. पुसट चित्रातही झाड झाडाच्या आणि आकाश आकाशाच्याच जागी राहते, त्यामुळे पाहणारा ते लगेच ओळखतो. अमूर्तासाठी वस्तू सोडून वस्तूंमधला एखादा संबंध उचलावा लागतो. कासवर जांभ्यावरचा मातीचा थर अतिशय पातळ आहे आणि माती व पाणी जिथे साठते तिथेच फुले दाटतात, म्हणजे फुलांचे पट्टे मुळात कातळाच्या उंचसखलपणाने आखलेले असतात. ती आखणी घ्यावी आणि फूल सोडून द्यावे. तेरडा उठून दिसतो तोही पाकळीमुळे नव्हे, तर हिरव्यालगत त्याचा जवळजवळ विरोधी रंग आल्यामुळे; तेव्हा त्या दोन रंगांचे प्रमाण ठरवणे हेच तिथले खरे काम आहे. पुठ्ठ्यात लहान चौकोनी खिडकी कापून, डोळे किलकिले करून तिच्यातून पाहावे, फक्त गडद, मध्यम आणि उजळ अशा तीन छटांत आराखडा करावा, आणि आकाश चौकटीत घेऊच नये. क्षितिज गेले की निसर्गचित्राची निम्मी सवय तिथेच सुटते.

घाटमाथा (वाई)
वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु क्षितिज काढलेच पाहिजे असा नियम करू नये. आडवी रेघ राहूनही चित्र अमूर्त राहू शकते, फक्त ती रेघ दूरचा डोंगर म्हणून न येता दोन रंगांचे वजन तोलण्यासाठी आलेली असावी. चित्रकार राम कुमार यांनी १९६० च्या सुमारास बनारस पाहिले आणि त्यानंतरच्या त्यांच्या चित्रांत घाट, घरे आणि पाणी हळूहळू रंगांच्या तुकड्यांत विरघळत गेले. हे एका बैठकीत झालेले नाही, हे विशेष. म्हणून जागेवरच चित्र पूर्ण करण्याचा हट्ट मला पटत नाही. तिथे छोटे आराखडे आणि रंगांच्या पट्ट्या करून आणाव्यात आणि मोठे चित्र घरी करावे. मात्र त्या वेळी मोबाईलमधला फोटो समोर ठेवू नये, कारण सोडून दिलेला सगळा तपशील फोटो परत घेऊन येतो.

जांभादगड (सातारा)
साहित्याविषयी थोडेसे. धुक्यात जलरंगाशी भांडण्यापेक्षा ऑईल पेस्टल (तेलकट रंगखडू) न्यावेत, त्यांत वाळण्याचा प्रश्नच येत नाही. चाळकेवाडीच्या पठारावरच्या वाऱ्यात उलट तक्रार असते, तिथे अ‍ॅक्रिलिक पॅलेटवरच वाळते, म्हणून पाण्याची फवारणी जवळ हवी. जलरंग वाळल्यावर फिका होतो आणि अ‍ॅक्रिलिक किंचित गडद होते, हे रंगपट्ट्या करताना लक्षात ठेवावे. ऊन पडले तर कागद सावलीत धरावा, नाहीतर उन्हात बेताचे वाटलेले रंग घरात काळवंडलेले दिसतात. आणि कृपया फुलांत आसन मांडू नये. पश्चिम घाटाबरोबर कासही २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण ते नसते तरी वाटेवरूनच पाहणे योग्य ठरले असते. अमूर्तासाठी जवळ जाण्याची गरज तशीही कमीच असते.

रानवाट (सातारा)
सर्वांचे आभार. ऑईल पेस्टलवर नंतर जलरंग चालेल का?

जांभादगड (सातारा)
चालेल. पेस्टलचा तेलकट-मेणकट थर पाणी धरत नाही, त्यामुळे रंग भोवतीच्या मोकळ्या कागदात बसतो. कातळाच्या भेगा आधी पेस्टलने दाबून ओढाव्यात आणि त्यावरून कुंचल्याने जलरंगाचा ओला हात द्यावा. उलट क्रमाने केल्यास हा परिणाम मिळत नाही. कागद ३०० ग्रॅमचा (जीएसएम) घ्यावा, पातळ कागद फुगतो.