बुकमार्क : कागदातला आणि ब्राउझरमधला
पुस्तकात वाचनाची खूण म्हणून पेपर क्लिप लावा असं कुणी सुचवलं, तर ती कृपया टाळा. धातूची क्लिप दमट हवेत गंजते आणि तो डाग कागदातून जात नाही. शिवाय पुस्तक मिटल्यावर दाबाने पुढच्या पानांवरही वळ उमटतो. वर्तमानपत्राचा कपटाही नकोच, त्यातल्या आम्लाने शेजारचं पान पिवळं पडतं. आम्लविरहित कागदाची पातळ पट्टी सगळ्यात उत्तम.

ब्राउझरमधल्या बुकमार्कचं दुखणं वेगळं. तो फक्त पत्ता जपतो, मजकूर नाही. पान हललं किंवा काढून टाकलं की समोर ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असा संदेश. म्हणून महत्त्वाचं पान पीडीएफ करून ठेवाच. अधूनमधून बुकमार्क मॅनेजरमधून सगळे बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये एक्सपोर्ट करा. ती फाइल दुसऱ्या ब्राउझरमध्येही इम्पोर्ट होते.