एका व्हीएमपायी बाकीच्या चार अडकतात, डिस्कला मर्यादा कशी लावू?

हळदपेठ_सांगली:
नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या तीन अडत दुकानांचा मिळून एक सर्व्हर मी सांभाळतो. प्रॉक्समॉक्स आहे, म्हणजे एकाच मशीनवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारी प्रणाली. ४ टीबीच्या दोन साध्या साटा डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तोच डेटा), त्यावर साडेतीन टीबीचा एलव्हीएम-थिन पूल, म्हणजे व्हीएम लिहील तशीच जागा देणारा सामाईक साठा. दुकानांच्या हिशेबाच्या तीन विंडोज व्हीएम आणि डेटाबेसची एक लिनक्स, प्रत्येकी ५०० जीबी. पाचवी सीसीटीव्हीची, आठ कॅमेरे, २ टीबी.

काल सौदे झाले, हिशेबपट्ट्या काढायला घेतल्या आणि तिन्ही हिशेबाच्या व्हीएम जागीच थांबल्या. समोर 'आयओ एरर', पूल १०० टक्के. लांबून आलेले शेतकरी पट्टीसाठी तासभर ताटकळले, ते बघवत नव्हतं. एक जुनी चाचणीची व्हीएम उडवली तेव्हा गाडी पुढे सरकली.

त्याआधी पंधरा दिवस रोज सकाळी सगळं संथच चालायचं, आयओ डिले, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ, ४० टक्क्यांवर. म्हणून तिन्ही विंडोजना सेकंदाला १०० ऑपरेशनची (डिस्कवरच्या वाचन-लेखनाची) मर्यादा लावली, तर त्या आणखीच रखडल्या. मर्यादा नेमकी कुणाला लावायची? आणि चारही छोट्या व्हीएमचा खरा वापर मिळून ६०० जीबीच्या आत असताना पूल भरला कसा?

कृष्णाकाठ:
दादा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, जागेचा आणि वेगाचा. ऑपरेशनच्या मर्यादेनं जागा वाचत नाही.

आधी जागा. तुमच्या व्हीएमची बेरीज ४ टीबी, पूल साडेतीनचा. हरिपूरच्या हळदीच्या पेवात (जमिनीखालच्या कोठारात) मावते त्याहून जास्त पोत्यांच्या पावत्या फाडाव्यात तसं हे. सगळे एकदम माल मागत नाहीत तोवर निभतं. पण ६०० जीबी आणि कॅमेऱ्यांचे २ टीबी धरूनही पूल भरायला नको होता. सीसीटीव्हीच्या व्हीएमचा एखादा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) राहिलाय का बघा. स्नॅपशॉट असला की कॅमेरा जुन्या रेकॉर्डिंगवर लिहितो तेव्हा जुने ब्लॉक सुटत नाहीत, नव्यासाठी पूल नवी जागा देतो. कॅमेऱ्यामागे २ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) धरले तरी आठांचे सेकंदाला २ एमबी, म्हणजे दिवसाला साधारण १७० जीबी. उरलेली जागा पाच-सहा दिवसांत संपते.

आता वेग. ७२०० आरपीएमची डिस्क विस्कळीत वाचन-लेखनात सेकंदाला ७५ ते १०० ऑपरेशनच देते. मिररमध्ये लिहिणं दोन्ही डिस्कवर होतं, त्यामुळे लिहिण्याचा वेग एकाच डिस्कचा. त्यात तुम्ही ज्यांना त्रास होतोय त्यांनाच बांधलंत. विंडोजची मर्यादा काढा. सीसीटीव्हीच्या डिस्कच्या बँडविड्थ टॅबमध्ये लिहिण्याला सेकंदाला १० एमबीची मर्यादा लावा. गरज २ एमबीचीच आहे, रेकॉर्डिंग तुटणार नाही. व्हीएम बंद न करताही ती लागू होते.

मिरज_जंक्शन:
कृष्णाकाठ म्हणतात ते बरोबर. बॅकअप किती वाजता असतो तेही सांगा. बॅकअप चालू असताना व्हीएमनं एखाद्या ब्लॉकवर लिहायला घेतलं, की त्यातला जुना मजकूर आधी बॅकअपकडे जातो आणि मगच नवं लिहिलं जातं. बॅकअप घेणारी पेटी संथ असेल तर व्हीएमही संथ होते. मी तर सीसीटीव्हीची डिस्क बॅकअपमधून वगळूनच टाकतो.

आणखी एक. आतून फाइल पुसली तरी पूलमध्ये जागा मोकळी होत नाही. व्हीएमच्या डिस्कवर 'डिस्कार्ड'ची (रिकामी जागा पूलला परत देण्याची) खूण हवी आणि लिनक्समध्ये एफएसट्रिम ही रिकामी जागा कळवणारी आज्ञा चालायला हवी. पूल ८० टक्के झाला की मेल येईल अशी सोय आजच करा. एलव्हीएममध्ये पूल आपोआप वाढण्याची सोय मुळात बंद असते, आणि चालू केली तरी पूल ज्या डिस्कच्या ग्रुपमधून कापलाय त्यात जागा शिल्लक असली तरच उपयोगी.

हळदपेठ_सांगली:
स्नॅपशॉट सापडला! गेल्या आठवड्यात अपग्रेडआधी घेतला होता, काढायचा राहून गेला. काढल्यावर पूल ७४ टक्क्यांवर आला. बॅकअपचंही तेच, रात्री वीज गेली की तो अर्धवट राहायचा म्हणून मीच सकाळी साडेदहाला ठेवला होता, ऐन सौद्यात. आता दुपारी ४ ला नेला, कॅमेऱ्याची डिस्क वगळली, १० एमबीची मर्यादा लावली आणि विंडोजची काढली.

आज सौद्याच्या वेळी आयओ डिले ८ टक्क्यांच्या वर गेला नाही, पट्ट्या लगोलग निघाल्या. दोघांचेही मनापासून आभार. डिस्कार्डची खूण केली आहे, पण त्यासाठी व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू कराव्या लागतात. ते रविवारी यार्ड बंद असताना करतो.