मदत हवी आहे: उलटा टायमर मध्येच १:६० दाखवतो

युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) तीन मिनिटांचा उलटा टायमर आहे. उरलेला वेळ सेकंदांत, फ्लोटमध्ये (दशांश संख्या), दर फ्रेमला त्यातून डेल्टाटाइम (मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ) वजा. मिनिटांसाठी ६० ने भागून फ्लोअर (लगतचा खालचा पूर्णांक), सेकंदांसाठी ६० ने भागून उरलेली बाकी, तिला '००' फॉरमॅट (दोन अंकांत छापणारा). २:०० नंतर अर्धा सेकंद १:६० दिसतं, मग १:५९. वेळ संपताच मिनिटांच्या जागी उणे एक. त्याऐवजी 'डी२' हा दोन अंकी फॉरमॅट लावला तर फॉरमॅट एक्सेप्शन (एरर) येतं. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
मिनिटं तुम्ही खाली ओढताय आणि सेकंद '००' फॉरमॅट जवळच्या पूर्णांकाला नेतोय. ११९.७ घ्या: मिनिट १, बाकी ५९.७, छापताना ६०. म्हणून पूर्णांक आधी करा, तोही एकदाच, आणि मगच तुकडे पाडा. उरलेला वेळ शून्याच्या खाली जाऊ देऊ नका (शेवटची फ्रेम उणे ०.०१ वर गेली तरी फ्लोअर उणे एक देतो), त्याचं सील (लगतचा वरचा पूर्णांक) घ्या, इंटमध्ये (पूर्णांक ठेवणारा प्रकार) ठेवा. त्या इंटचा ६० ने भागाकार म्हणजे मिनिटं, बाकी म्हणजे सेकंद. आता 'डी२' चालेल. ते फक्त पूर्णांकांसाठीच असतं.

सीलच का? फ्लोअर घेतला तर पहिल्याच फ्रेमला २:५९ दिसतं आणि शेवटी ०:०० दिसत असताना खेळ आणखी सेकंदभर चालूच राहतो. खेळाडू वैतागणारच.

प्रतिसाद २
त्यात भर: तो इंट बदलला तरच टेक्स्ट बदला. नाहीतर सेकंदाला ६० वेळा तीच स्ट्रिंग नव्याने बनते आणि गार्बेज कलेक्टरला (वापरून झालेली मेमरी साफ करणारा) फुकटचं काम. आकडे डावी-उजवीकडे थरथरत असतील तर टेक्स्टमेशप्रोमध्ये (युनिटीत मजकूर दाखवायचं साधन) सगळ्या अक्षरांना सारखी रुंदी देणारा एमस्पेस टॅग लावा, कारण बऱ्याच फॉन्टमध्ये १ हा ८ पेक्षा अरुंद असतो.

मूळ प्रश्नकर्ता
१:६० गेलं, उणे एकही गेलं. शेवटचे १० सेकंद एक दशांश स्थळ दाखवायचंय. तिथे पुन्हा फ्लोटच छापू का?

प्रतिसाद १
नको, ०.०४ चं ०.० होईल आणि खेळ मात्र चालूच असेल, म्हणजे जवळच्या आकड्याला नेण्याचा तोच रोग. वेळेला १० ने गुणा, सील घ्या, मग १० चा भागाकार आणि बाकी. फ्लोट १० किंवा खाली आला की हे रूप सुरू करा: ०:११ नंतर थेट १०.० येईल, मध्ये ०:१० दिसणार नाही. खेळ संपला का, हे मात्र फ्लोटवरूनच ठरवा.