मदत हवी आहे: शुमानचं 'ट्रॉयमेराय' किती स्पीडने वाजवायचं?

मंडळी, जर्मन संगीतकार शुमानच्या किंडरत्सेनेन या पियानो-संग्रहातलं (1838, एकूण 13 छोटे पीस) ट्रॉयमेराय बसवतेय. जुन्या छापील प्रतीत मेट्रोनोम 100 (म्हणजे मिनिटाला 100 ठोके) दिलाय पण रेकॉर्डिंग ऐकावं तर सगळे त्याच्या कितीतरी हळू वाजवतात, मग नक्की कुणाचं ऐकायचं?? 100 ला मला तरी ते घाईघाईत उरकल्यासारखं वाटतं. दुसरं म्हणजे माझा हात लहान, डाव्या हाताचे लांबचे स्वर एकदम पोचत नाहीत, तोडून वाजवले तर चालतील का की पेडलवर धरायचे? (शुमानचा स्वतःचाच उजवा हात विशीत कामातून गेला आणि मग त्याच्या पियानोवादक बायकोने, क्लाराने त्याचं म्युझिक स्टेजवर वाजवलं, म्हणजे मला थोडी आशा आहे 😀) मधले आवाज (वरची चाल आणि खालचे स्वर यांच्या मधल्या ओळी) दबतात त्यावरही काही सुचवा प्लीज.