मदत हवी आहे: हार्ड डिस्क पूर्ण डीफ्रॅग करण्यात (म्हणजे फाइल्सचे विखुरलेले तुकडे सलग जोडण्यात) अर्थ आहे का?

डेस्कटॉपमध्ये १ टीबीची जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. (एसएसडी नाही, तिला डीफ्रॅग करायचं नसतं, हे ठाऊक आहे.) विंडोज १०, रॅम ८ जीबी, मोकळी जागा जेमतेम १२ टक्के. मोठ्या व्हिडिओ फाइल्स उघडताना फार रखडतं.

विंडोजचं डीफ्रॅग चालवून झालं, चेकडिस्क आणि स्मार्ट (डिस्कमधले बिघाड शोधणाऱ्या) तपासण्याही, दोष नाही. तरी दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये बरेच तुकडे दिसतात. विंडोज ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे मुद्दामच हलवत नाही म्हणे, म्हणजे हे तेच असावेत.

बॅकअप आहे. नवी डिस्क सध्या नको. मग हे मोठे तुकडेही जोडून वेग खरंच जाणवेल इतका वाढतो, की रात्रभर डिस्कला उगाच राबवणं होईल? की आधी जागाच मोकळी करू?