मॉरिस मायनरच्या ट्रॅफिकेटरची केशरी काच कुठे मिळेल?

जुनीचाकं: वडिलांची १९५८ची मॉरिस मायनर १००० माझ्याकडे आहे, ९४८ सीसीची. दाराच्या खांबातून बाहेर येणारा इंडिकेटरचा हात, म्हणजे ट्रॅफिकेटर, डाव्या बाजूला चालतो, पण त्याची केशरी प्लास्टिकची काच टोकाला फुटली आहे. तुकडा डबीत जपून ठेवलाय. उजवा हात अर्ध्यातच अडकतो. अख्खा हात घेण्याइतकं बजेट नाही, फक्त काच हवी आहे. कुठे शोधू?

चारचाकीवेडा: अख्खा हातच घ्या. मी दोन्ही बाजूंचे घेतले, सोबत वायरिंगही नवं केलं. एकदाच खर्च होतो.

गॅरेजकाका: मायनरला १९६१मध्ये कंपनीनेच लुकलुकणारे दिवे दिले. तेच बसवा. मागच्या गाडीवाल्याला हात दिसतच नाही.

मीनल_क: काका, त्यांनी काच विचारली आहे. हाताच्या पत्र्यावर लुकासचा, म्हणजे तो बनवणाऱ्या कंपनीचा, 'एसएफ'ने सुरू होणारा मॉडेल क्रमांक असतो, आधी तो वाचा. 'मायनरची काच' म्हणून शोधू नका, त्या क्रमांकाने शोधा. ऑस्टिन ए३०लाही ट्रॅफिकेटर होते, त्यामुळे तिच्या सुट्या भागांतही बघता येईल. पण लांबी व्हर्नियरने मोजल्याशिवाय घेऊ नका. मी फोटोवर विसंबून मागवली, ती खाचेत बसलीच नाही आणि विक्रेत्याने परतही घेतली नाही.

त्रिमिती: थ्रीडी प्रिंट करा, एका संध्याकाळचं काम.

मीनल_क: पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक, असेल तर नको. ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात बंद गाडीत माझं डॅशचं बटण वाकलं होतं.

चारचाकीवेडा: मीनलताईंना +१, क्रमांक बघाच. तरी माझं मत, अख्खा हात.

लखलख: हात उघडताय तर आतला ३ वॉटचा बल्ब काढून एलईडी लावा.

गॅरेजकाका: थांबा! ही गाडी मुळात पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. साधा एलईडी उलटा बसला तर पेटणार नाही. दोन्ही दिशांनी चालणारा घ्या. आणि उजव्या हाताला ग्रीस फासू नका, धूळ धरतं. बिजागरीच्या पिनेवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, तोही टाचणीच्या टोकाने. कॉइलमधल्या दांडीला तेल अजिबात नाही.

सुहास_६५: काच थिनरने किंवा ॲसिटोनने पुसू नका. माझी पांढरी पडून चिकट झाली, नंतर फेकावीच लागली.

त्रिमिती: पीएलए नको तर एएसए हे दुसरं प्लास्टिक वापरा, उन्हात टिकतं.

गॅरेजकाका: आणि काचेसारखं पारदर्शक कसं होणार?

जुनीचाकं: सगळ्यांचे मनापासून आभार. नवी काच घेत नाही, दिवेही बदलत नाही. काल रात्री डबीतला तुकडा भिंगाखाली धरून कडेला कड जुळवली, इपॉक्सी टाचणीने भरलं आणि रात्रभर चिमट्यात धरून ठेवलं. दिवा लागला की केसाएवढी रेघ दिसते. वडिलांनी हात लावलेली काच आहे, ती रेघ मला चालेल. काका, तेलाचा थेंब अगदी बरोबर होता. चार-पाच वेळा वरखाली केल्यावर उजवा हात आता पूर्ण आडवा येतो आणि आपोआप आत जाऊन बसतो.